सातमाशी, आठमाशी आणि काचेची पेटी

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज काल चौथ्यांदा आला. 'सातव्या महिन्याचं बाळ जगतं, आठव्याचं नाही. पूर्वी सुईण कापसात गुंडाळायची, तेवढ्यावर बाळं तगायची. आता काचेच्या पेटीत टाकून बिलं वाढवतात. तिथल्या ऑक्सिजननं डोळे जातात, बाळ आईला ओळखत नाही. लवकर घरी न्या.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

माझी जुळी ३१व्या आठवड्यात झाली. थोरला १४०० ग्रॅम, धाकटी ११२०. ठाण्यातल्या एका एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आम्ही ४१ दिवस काढले, म्हणून गप्प बसवत नाही.

सातवा-आठवा हा घोळ फार जुना. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, अस्थिर असतं असं आयुर्वेद म्हणतो, प्राचीन ग्रीकांचीही अशीच समजूत होती. प्रत्यक्षात पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा मुदतीआधी येणाऱ्या बाळाच्या कामी येतो. फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटू नयेत म्हणून लागणारा सर्फॅक्टंट पुरेसा तयार व्हायला साधारण ३४ आठवडे लागतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३२ ते ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. शेजारच्या वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यात, ३३ आठवड्यांचं, मेसेजच्या हिशेबानं आठमाशी, बाळ होतं, माझ्या दोघांपेक्षा धडधाकट. त्याची आजी मात्र हा मेसेज वाचून बाहेरच्या बाकावर रडत बसायची.

कापसाचं म्हणाल, तर ऊब हवी हे सुईणीला बरोबर कळलं होतं. पण धाकटी श्वास घ्यायचीच विसरायची. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९३ वरून ७० टक्क्यांवर घसरायचा, मॉनिटर बोंबलायचा, सिस्टर येऊन तिचा तळपाय चोळायच्या आणि छाती पुन्हा हलायला लागायची. याला ॲप्निया म्हणतात. त्यावर कॅफिन देतात, आपल्या चहा-कॉफीतलंच. कापसात गुंडाळलेल्या बाळाचा श्वास थांबला तर ते रडतसुद्धा नाही, कळणार कुणाला? आजीनं मामाला असंच कापसात वाढवलं, ही आमच्या घरची आवडती गोष्ट. मामाच्या आधी गेलेल्या दोन बाळांचा विषय कुणी काढत नाही.

डोळ्यांचं अर्धं खरं आहे, आणि तेच जास्त घातक. जास्त ऑक्सिजननं पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. म्हणूनच तो मोजूनमापून देतात. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या खाली जन्मलेल्या बाळाचे डोळे महिनाभरात तपासायचेच असतात, फारच लहान असेल तर त्याही आधी. दोष वेळेत सापडला तर लेझरनं नजर वाचवता येते. घाईनं घरी नेलं की हुकते ती हीच तपासणी.

आईला ओळखत नाही म्हणे! कोपरापर्यंत हात धुऊन, बांगड्या-अंगठ्या काढून मी आत जायचे. उघड्या छातीवर थोरला, आणि बाजूच्या खुर्चीत शर्टाची बटणं सोडून बसलेल्या नवऱ्याच्या छातीवर धाकटी, नळ्यांसकट. बाळाला असं उघड्या छातीशी धरायची ही कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, पुरेसे इनक्युबेटर, म्हणजे त्या काचेच्या पेट्या, नव्हते म्हणून. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचा निष्कर्ष मांडला: १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच असं छातीशी धरलं, तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. पहिले दिवस दोघांना नळीनं २-२ मिली दूध जायचं. आईला तेवढंही येत नसेल तर दुसऱ्या आयांनी दान केलेल्या दुधाची दूधपेढी असते. आशियातली पहिली १९८९ मध्ये आपल्या सायनलाच सुरू झाली.

बिलाबद्दल मात्र वाद नाही. आमचे दागिने गेले. दर दोन दिवसांनी हिशेब मागा, प्रत्येक तपासणी कशासाठी ते विचारा. सरकारी रुग्णालयात जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, हेही त्या मेसेजमध्ये लिहिता आलं असतं.

राहिलं 'लवकर घरी न्या'. वजन वाढतंय, तोंडानं दूध घेतंय, वॉर्मरशिवाय अंग गरम राहतंय आणि बरेच दिवस श्वास अडकला नाही, एवढं जुळलं की डॉक्टर स्वतःच सोडतात. थोरला ३२व्या दिवशी आला, धाकटी ४१व्या. मधले नऊ दिवस थोरल्याला आईकडे सोपवून, काढलेलं दूध बर्फाच्या डब्यात मांडीवर धरून मी तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात बसलेली असायचे.