आईचा चिरा आणि दुसऱ्याचा टॉवर

आज सकाळी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी आलेला गॅस सिलिंडर परत गेला. पोचवणाऱ्या मुलाला कोड हवा होता, तो आईच्या फोनवर यायचा होता आणि आईच्या फोनला घरात रेंज नसते. ती पावसात छत्री घेऊन काजूच्या बागेतल्या चिऱ्यावर जाऊन उभी राहिली, कारण रेंज मिळते ती तेवढ्याच जागी. कोड आला तेव्हा गाडी वाळपईच्या वाटेला लागली होती.

त्या चिऱ्यावरून समोरच्या डोंगरावरचा टॉवर स्वच्छ दिसतो. तो दुसऱ्या कंपनीचा आहे.

टॉवरचा खर्च जागेचे भाडे, लोखंडी सांगाडा, वीज, बॅटऱ्या, डिझेल आणि तिथवर ओढून नेलेली फायबर यांत जातो. खाली पन्नास गिऱ्हाइके असोत की पाचशे, त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणूनच बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी २००७ साली इंडस टॉवर्स ही सामाईक कंपनी काढली. सांगाड्यावर दुसरा भाडेकरू आला की भाडे वाढते आणि खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. शहरात हे शहाणपण सर्वांना सुचते. डोंगरात मात्र प्रत्येक कंपनी स्वतःचा वेगळा हिशेब मांडते, दीडशे घरांतली आपल्या वाट्याला पन्नास येतील असे धरते आणि कागद मिटून ठेवते.

शिवाय अशा गावात नुसता सांगाडा वाटून भागत नाही, कारण प्रत्येकीला आपला अँटेना आणि रेडिओ वर चढवावाच लागतो आणि पन्नास घरांच्या रिचार्जवर तोही निघत नाही. तिथे एकीच्या गिऱ्हाइकाला दुसरीच्या जाळ्यावर घेणे हाच उपाय उरतो. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरांवर अशी सोय सुरू झाली. म्हणजे तंत्राची अडचण नाही, हे सिद्धच झाले. तो निधी २००२ पासून कंपन्यांच्या महसुलातून कापला जातो, आणि तो महसूल तुमच्या-आमच्या रिचार्जचाच आहे. आईच्याही.

आता तुम्ही म्हणाल, आईचे सिम बदलून टाक. नंबर तोच राहतो, मान्य. परंतु पावसाळा सरला की चार महिने ती फोंड्याला माझ्याकडे राहते आणि आमच्या इमारतीत त्या टॉवरवाल्यांची रेंज जिन्यापलीकडे येत नाही. सत्तरीला आलेली बाई दोन सिमे सांभाळत बसणार काय?

ज्याने आधी पैसे घालून टॉवर उभारला त्याने तो इतरांना का द्यावा, हा प्रश्न अगदीच खोटा नाही. त्याने तो फुकट द्यावा असे कोणीच म्हणत नाही. वाजवी भाडे घ्यावे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून आपल्या घरचेही सांगतो. आमच्याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, टॉवर नको म्हणून ग्रामसभेत आरडाओरडा झाला होता आणि त्यात माझे सख्खे काका पुढे होते. चवथीला तेच काका त्या चिऱ्यावर उभे राहून मुंबईतल्या लेकाशी बोलत होते, आणि आई आपली पाळी येण्याची वाट पाहत मागे थांबली होती.

गाडी उद्या पुन्हा येणार आहे. मी रजा टाकली आहे. सिलिंडर आला की मी घरापाशी थांबेन आणि आई चिऱ्यावरून कोड ओरडून सांगेल, असे आमचे ठरले आहे.