म्हणे फॉरमॅट मारून बघू!

लॅपटॉपच्या पडद्यावर हिरव्या-गुलाबी रेघा आल्या की दुरुस्तीवाल्यांचं एकच उत्तर : "फॉरमॅट मारून बघू!" अहो, काय बघू? विंडोज सुरू व्हायच्या आधी, बायोसच्या (यंत्र चालू होताच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पानावरसुद्धा त्याच रेघा आहेत! तिथे कुठलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर आणि कुठला व्हायरस? एचडीएमआयने टीव्हीला जोडून दाखवलं, तिथेही रेघा. म्हणजे स्क्रीनचा दोष नाही, स्क्रीनच्या केबलचा नाही, चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिपच निकामी होत चालली आहे. दोन मिनिटांची तपासणी ही! तरी तीन दुकानांत तीनदा फॉरमॅट, एकदा नवी रॅम, आणि एकजण तर स्क्रीनच बदलायला निघालेला. आईचे सगळे फोटो त्यात होते. बॅकअप घेतला होता म्हणून वाचले.

चौथा म्हणाला, "हीट गन मारतो, होईल चालू." झाला. सोळा दिवस! नुसतं तापवून चिप किती टिकणार, हे त्याला माहीत नव्हतं? आणि लॅपटॉपमध्ये चिप थेट मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, सोल्डर करायची ही कुठली रीत? डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड स्क्रू काढला की हातात येतं. इथे एका चिपसाठी अख्खा बोर्ड बदला! आठ वर्षं जपलंय हो मी हे यंत्र. फॉरमॅटच्या आधी एकदा दुसरा मॉनिटर लावून बघायला काय जातं तुमचं?