‘खाल्ल्या मिठाला जाग’ म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

सांगलीत नेपाळी गुरख्याची मुलगी म्हणून काय अनुभवलं ते मी ‘गुरख्याची पोर’ या लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. सगळ्यांनी ती वाचलेली नसेल, म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. तुम्ही निवृत्त शिक्षक, मूळचे खानापूर तालुक्यातले, आता सांगलीत विश्रामबागला राहता. सांगलीनं या मुलीच्या बापाला काम दिलं, तिला शिकवलं आणि ती मात्र गावालाच वंशद्वेषी ठरवतेय, याचा तुम्हाला राग आलाय. आपल्याकडं जातिभेद असेल, वंशभेद नाही, असं तुम्ही म्हणता. ‘बहादूर’, ‘चिंकी’ या लाडाच्या हाका. तुमच्या तालुक्यातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, भारतभर गेले, पण कुठं रडत बसले नाहीत. बाहेरच्यांमुळं इथली पोरं बेकार राहतात. बाहेरून आलेल्यानं पाहुण्यासारखं राहावं, आणि खाल्ल्या मिठाला जागावं.

काही वाचकांनी तुम्हाला खाली शिव्या दिल्या होत्या, त्या मी काढून टाकल्या. तुम्ही नावानिशी आणि सभ्य भाषेत लिहिलंय. मीही तसंच लिहिते.

आधी मिठाचं. माझे वडील पश्चिम नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले. त्या डोंगरातली माणसं पिढ्यान् पिढ्या गौरीफंटा नाहीतर बनबसाच्या नाक्यावरून खाली उतरतात आणि मुंबई, पुणे, बंगळूर जिथं काम मिळेल तिथं जातात. वडील सांगलीत आले. रात्री अकराला घरातून निघायचे ते उजाडताना परत. थंडी असो, कृष्णेकाठचा पाऊस असो, गल्लीगल्लीत काठी आपटत, शिट्टी मारत फिरायचं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन दारोदार जायचं. कुणी पाच द्यायचं, कुणी दहा, कुणी ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणायचं. पगारी रजा नाही, फंड नाही, आजारी पडलं की तेवढ्या रात्रींचे पैसे कापून घेणारीही घरं होती. तुमची झोप सुखाची व्हावी म्हणून त्या माणसानं उभं आयुष्य रात्रीचं काढलं. मीठ खाल्लं ते कमवून खाल्लं, सर.

ज्यांचं खरंच ऋण आहे, त्यांचं ते मी लेखातही मान्य केलं होतं. चौथीच्या शिष्यवृत्तीची पुस्तकं ज्या बाईंनी स्वतःच्या पैशानं आणून दिली, त्यांच्यामुळं मी आज मिरजेत लॅब टेक्निशियन आहे. आमच्या खोलीत चाळीसचा दिवा होता. शेजारच्या काकूंनी परीक्षेच्या दिवसांत आपल्या पडवीत माझ्यासाठी टेबल मांडून दिलं. २०१९ च्या पुरात आमच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा छावणीत आम्हाला सगळ्यांच्या पंक्तीला जेवायला वाढलं गेलं. यातलं मी काही विसरलेले नाही. पण या बाईंनी किंवा काकूंनी, ‘आम्ही तुझं केलं, आता तू गप्प राहा’ असं मला कधी सुनावलं नाही. सुनावणारे सगळे ज्यांनी काही केलं नाही ते आहेत.

आता लाडाच्या हाकेचं. लाडानं हाक मारली तर समोरच्यालाही लाडानं काही म्हणायची मुभा असते. माझ्या वडिलांना शाळकरी पोरंसुद्धा ‘ए बहादूर’ म्हणायची आणि वडील त्याच पोरांना ‘साब’ म्हणायचे. ते नाव त्यांचं नव्हतंच. त्यांच्या वहीत प्रत्येक घराचं आडनाव होतं, त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं. कोणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कोण मुलीच्या बाळंतपणाला गावी गेलंय, हे त्यांना माहीत असायचं, कारण राखण त्यावरच चालते. त्या वहीतल्या किती घरांना त्यांचं नाव माहीत होतं? मी मोठी झाल्यावर चौकशी केली. दोन घरांना.

आणि लाड किती टिकतो ते एका चोरीत दिसलं. मी सहावीत होते. आमच्या हद्दीतला एक बंगला फुटला. सकाळी वडिलांना चौकीत बोलावलं आणि ठेवून घेतलं. दुपारी आमा, म्हणजे माझी आई, आणि मी डबा घेऊन गेलो. वडील भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. पट्टा काढून घेतला होता. टेबलावर त्यांची शिट्टी आणि ती वही पडली होती आणि एकजण वहीची पानं उलटत कुठल्या घरावर कसली खूण केलीय हे विचारत होता. पैसे दिले की वडील आडनावापुढं बारीक टिंब द्यायचे. त्या टिंबांचा अर्थ चौकीत वेगळाच लावला जात होता. मला मराठी चांगलं येतं म्हणून मी सांगू लागले, तर ‘तू गप गं चिंकी’ म्हणून मला बाहेर काढलं. डबा तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. पुढं तो ऐवज दुसऱ्याच चोरट्याकडं, दुसऱ्याच गावात सापडला.

सुटून आले त्याच रात्री वडील फेरीला गेले. बंगल्यातल्या बाईंनी नंतर आमाला एक साडी दिली. साडी चांगली होती, आमानं ती बरीच वर्षं नेसली. पण ‘आमचा संशय चुकीचा होता’ हे वाक्य त्या बंगल्यातून, चौकीतून किंवा त्या गल्लीतल्या एकाही घरातून आलं नाही. मी वंशभेद म्हणते तो हा. किल्ल्या विश्वासानं हातात देतात, आणि चोरी झाली की पहिलं बोट त्याच हाताकडं, चेहरा वेगळा म्हणून. तुम्ही प्रेमाबद्दल बोलताय आणि मी बरोबरीबद्दल. साडी देता येते, तिथं माफीही मागता आली असती.

तुम्ही गलाईवाल्यांचा दाखला दिलात, तो मला फार जवळचा आहे. विटा, खानापूर, आटपाडी, पलीकडं माण-खटाव हा सगळा पाण्यावाचून होरपळलेला पट्टा. तिथली पोरं सोनं-चांदी गाळायला घराबाहेर पडली. सराफ कट्ट्यातली धूळ घ्यायची, भट्टीवर मूस ठेवायची, तेजाबाच्या वाफा नाकात घेत सोनं शुद्ध करायचं. तमिळनाडू, केरळपासून उत्तरेपर्यंत एकही मोठा बाजार त्यांनी सोडला नाही. कष्टानं नाव काढलं. हे खरं. पण ते रडले नाहीत, हे कोणी सांगितलं तुम्हाला? तुमच्याच तालुक्यात यात्रेला आलेल्या कुठल्याही गलाईवाल्याशेजारी बसा. कुठंतरी चोर पकडला जातो, तो एखाद्या गलाई दुकानाकडं बोट दाखवतो आणि चोरीचा माल घेतल्याच्या संशयावरून, कालपरवापर्यंतच्या दंड संहितेतल्या कलम ४११ खाली, परमुलखातले पोलीस त्याला रात्री उचलतात. भाषा नीट येत नाही, ओळखीचं कोणी नाही. लोकप्रतिनिधींना याची निवेदनं विट्यात वर्षानुवर्षं दिली जातात. ती निवेदनं देणारा माणूस आणि चौकीत फरशीवर बसलेले माझे वडील यांत मला फरक दिसत नाही. तुमचा माणूस तिकडं बाहेरचा असतो, माझे वडील इथं. त्यांची बाजू तुम्हाला लगेच कळते. मग माझी का नाही कळत?

‘आपल्याकडं वंशभेद नाही’ हे तुम्ही शिक्षक असून लिहिलंत याचं वाईट वाटलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असा क्रम आहे. घटनाकारांना वंशाची गोष्ट परदेशातली वाटली नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया याला दिल्लीच्या लाजपतनगरात त्याच्या दिसण्यावरून, केसांवरून चिडवलं, मग मारलं आणि तो गेला. त्यानंतर केंद्र सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. समितीनं त्याच वर्षी अहवाल दिला आणि ‘चिंकी’सारख्या हेटाळणीला शिक्षा व्हावी म्हणून कायद्यात स्वतंत्र कलम घालायला सुचवलं. सरकारी समितीला जे गुन्हा वाटलं, ते तुम्हाला लाड वाटतं.

मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना लिहावं लागलं की ईशान्येकडच्या माणसांना करोनावरून छळू नका. आपल्या जिल्ह्यातले पहिले रुग्ण त्याच महिन्यात इस्लामपुरात सापडले होते, त्यांत चीनहून आलेलं कोणी नव्हतं. पण मिरजेत माझ्या लॅबमध्ये काय व्हायचं ते सांगते. टोपी, मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल. माझे फक्त डोळे दिसायचे. तेवढे पुरे व्हायचे. एका आजोबांच्या दंडाला मी पट्टा बांधला, शीर शोधली, स्पिरिट लावलं आणि सुई उचलली, तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि हात काढून घेतला. ‘दुसरं कोण नाही का?’ सोबतच्या मुलीनं रक्त घेतलं. आजोबा वाईट माणूस होते असं मी म्हणत नाही, घाबरले होते. पण भीतीनंसुद्धा माझाच चेहरा का निवडला, याचं उत्तर त्या विषाणूत सापडत नाही.

शाळेतलं एकच सांगते. दर वर्षी ‘विविधतेतून एकता’ बसवायचे आणि दर वर्षी मला मणिपुरी करायचे. भोंडल्याची सगळी गाणी मला पाठ होती, फेर धरायला मी पुढं असायचे, पण नऊवारी कधी माझ्या वाट्याला आली नाही.

पाहुण्यासारखं राहावं, म्हणालात. माझा जन्म मिरजेतला, मे १९८६ चा. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेलं मूल, परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याचं वगैरे नसेल, तर आईबाप कुठलेही असोत, जन्मानंच भारतीय नागरिक ठरतं. म्हणजे तुम्ही जेवढे इथले, तेवढीच मी. धाकटा भाऊ १९८९ चा, त्याच दवाखान्यातला. तो मात्र कायद्यानं नेपाळी, कारण १९८७ नंतर आईवडिलांपैकी एकजण तरी भारतीय असावा लागत होता. एका ताटात जेवलेली आम्ही भावंडं दोन देशांची आहोत. पण तोही कोणाच्या मेहेरबानीवर राहत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमानं दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडं राहायची, मालमत्ता घ्यायची, व्यापार करायची मोकळीक दिली आहे. शंभर फुटी रस्त्यावर त्याचा चायनीजचा गाडा आहे. घर भाड्यानं शोधताना फोनवर मीच बोलते, कारण फोनवर माझी मराठी ऐकून मालक खूश होतात. ‘या की वैनी, बघून जावा.’ मी आणि नवरा दारात उभे राहिलो की खोली कालच दिलेली असते. एकांनी तोंडावर सांगितलं, ‘आम्ही फॅमिलीलाच देतो.’ नवरा माझ्या शेजारीच उभा होता.

बेकारीबद्दल तुम्ही लिहिलंत ती चिंता खरी आहे. कुपवाडच्या कारखान्यात स्थानिक पोराला डावलून बाहेरचा घेतात, कारण तो कमी पैशात जास्त तास राबतो आणि तक्रार करायला त्याला जागा नसते. त्याला पुरा पगार द्यायला लावा, डावलणं आपोआप कमी होईल. यात त्या बाहेरच्या पोराला शिव्या देऊन कोणाच्याच हाती काही लागत नाही.

वडिलांनी पुरात काय केलं, किती चोर पकडले, हे लिहून मी तुम्हाला त्यांचा चांगुलपणा पटवून देऊ शकले असते. काही वाचकांनी तसं सुचवलंही. ते मी मुद्दाम टाळलंय. चौकीत फरशीवर बसवलं जाऊ नये यासाठी माणसाला आधी शूर असावं लागू नये.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या अपार्टमेंटच्या नेपाळी वॉचमनला तुम्ही घरच्यासारखं वागवता आणि ‘त्याचा आठ वर्षांचा पोरगा दिवसभर आमच्या पार्किंगमध्ये मजेत खेळत असतो.’ सर, आठ वर्षांचं मूल दिवसभर पार्किंगमध्ये आहे, म्हणजे ते शाळेत नाही. बहुतेक बापानं कुठंतरी विचारलं असेल आणि जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवलं असेल. आमच्या लोकांत हे नेहमी होतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ नुसार त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून मागं पडलेला अभ्यास भरून काढून द्यावा लागतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. एवढी वर्षं तुम्ही पटावर मुलं घेतलीत.

त्याच्या बापाबरोबर जवळच्या शाळेत तुम्ही स्वतः जाल का? एकटा गेला तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवतील. तुम्ही सोबत असलात तर मुख्याध्यापक खुर्ची देतील आणि बोलतील. लिपी त्याला नवी नाही, नेपाळीही देवनागरीतच लिहितात. मराठी बोलायला शिकवायचं मी बघते, रविवारी मला सुट्टी असते, संध्याकाळी तुमच्या पार्किंगमध्येच बसू. शाळेनं कागदांवरून अडवलं तर या ब्लॉगवरच्या ईमेलवर कळवा. कायद्याची प्रत घेऊन मी रजा टाकून येईन. जाण्याआधी फक्त त्या मुलाचं नाव विचारून घ्या, अर्जात लागेल.