५० ग्रॅमच्या अलीकडे आणि पलीकडे

एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे रासायनिक अमली द्रव्य, ५० ग्रॅमहून जास्त सापडलं की एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने ती 'व्यापारी मात्रा' झाली. शिक्षा किमान १० वर्षं सक्तमजुरी, कमाल २०, वर १ ते २ लाख दंड. नुसतं पाकीट पोचवायची मजुरी घेणारा, ५५ ग्रॅमसह पकडलेला पोरगा आणि एमआयडीसीतली बंद कंपनी भाड्याने घेऊन क्विंटलांनी माल काढणारा माणूस, दोघांना कलम एक आणि शिक्षाही एकाच मापाची. १९८५ पासूनच्या आपल्या अमली पदार्थविरोधी धोरणाचं मोठं दुखणं इथे आहे, आणि त्यावर दर अधिवेशनात एकच औषध सुचवलं जातं: कायदा आणखी कडक करा.

कायदा आधीच प्रचंड कडक आहे. व्यापारी मात्रेत कलम ३७ लागतं. त्यात जामीन द्यायचा तर आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ आधार आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींवर न्यायाधीशाचं समाधान व्हावं लागतं; तेही साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आधी. आरोपपत्राला ९० ऐवजी १८० दिवस मिळतात आणि ते वर्षापर्यंत वाढवता येतात. कलम ३५ आणि ५४ मुळे माल ताब्यात होता एवढं सिद्ध झालं की 'मला माहीत नव्हतं' हे आरोपीनेच सिद्ध करायचं. १९८९ मध्ये तर दुसऱ्यांदा मोठ्या गुन्ह्यात सापडणाऱ्याला सक्तीची फाशी ठेवली होती. ती सक्ती २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काढली, संसदेने २०१४ मध्ये कायद्यातून काढली. आता २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात राज्याने अमली पदार्थांचे गुन्हे मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात आणले. एवढं सगळं असताना कारखाने निघतच आहेत.

बंदी मागणी संपवत नाही, ती मालाचं रूप बदलते. अफू-गांजाचे सरकारी ठेके गेले, मुंबईत गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आली. गर्दला सीमेपलीकडून यावं लागतं. एमडीला सीमा लागत नाही, शेत लागत नाही, हंगाम लागत नाही. लागतो रसायनं हाताळणारा एक जाणकार आणि वास आला तरी कोणी विचारणार नाही अशी जागा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोन कायद्याच्या यादीत आलं. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला, सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत सापडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्याचा माल पुणे, सांगली ते दिल्ली असा पसरलेला निघाला, दीड हजार किलोंहून जास्त. जागा कोणाच्या नावावर, पोटभाडेकरू कोण, वीजजोडणी कोणाची, प्रदूषण मंडळाची संमती कशासाठी घेतली, सॉल्व्हंटची पिंपं कुठल्या बिलावर आली, ही सगळी कागदपत्रं सरकारच्याच वेगवेगळ्या टेबलांवर असतात. ती एकत्र करून बघायला कुठलंही नवं कलम लागत नाही.

वजनावर उभ्या कायद्याने धंद्यालाच हिशेब शिकवला आहे. मोठा व्यापारी साठा फोडून देतो आणि एका हातात ५० ग्रॅमच्या खालीच ठेवतो. ४८ ग्रॅमला कमाल १० वर्षं असली तरी कलम ३७ लागत नाही, जामीन होतो. अडकतो तो गरजू पोरगा, ज्याला पाकिटात किती आहे हेच ठाऊक नसतं. हेरॉइनची व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध हेरॉइनचंच वजन धरा असं म्हटलं होतं. त्या प्रकरणात ४ किलो मालात शुद्ध अंश जेमतेम ६० ग्रॅम होता. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: भेसळीसकट सगळं वजन धरायचं. म्हणजे भेसळ जितकी जास्त तितका गुन्हा मोठा, आणि रस्त्यावरच्या शेवटच्या माणसाकडे पोचेपर्यंत मालात भेसळच सगळ्यात जास्त असते.

गांजाचंही तेच. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याचा किंवा फळधारणेचा शेंडा. शेंडा सोबत नसेल तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. शिरपूरकडे सातपुड्याच्या वनजमिनीवर कारवाई होते तेव्हा ओली झाडं देठ-पानांसकट, कधी मुळाच्या मातीसकट काट्यावर चढतात. व्यापारी मात्रा २० किलो, ती अशा वजनात सहज भरते. वाळल्यावर आणि शेंडे वेगळे केल्यावर काय उरलं असतं, हा वाद मग जामीन अर्जात उच्च न्यायालयापर्यंत जातो. तोवर झाडं राखणारा आदिवासी मजूर आत असतो. बियाणं आणि उचल देणारा शहरातला माणूस पंचनाम्यात कुठेच नसतो.

आता उलटी बाजू: बडे आरोपी सुटतात कसे. शिक्षा जितकी जबर तितकी कार्यपद्धती काटेकोर पाळली पाहिजे, असं न्यायालयं म्हणतात, आणि ते योग्यच आहे. खबर मिळाली की ती लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांना पाठवायची (कलम ४२). अंगझडतीआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे' हे प्रत्येक आरोपीला वेगवेगळं सांगायचं (कलम ५०). प्रत्यक्षात दोघातिघांना एकच छापील नोटीस दिली जाते, किंवा 'आमच्यासमोर चालेल का' असा तिसरा पर्याय पुढे केला जातो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या. दहा पुड्यांचा माल एकत्र ओतून त्यातून एकच नमुना काढला, तर प्रत्येक पुडीत तेच होतं हे मग कशावरून सांगणार? नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे, हे कलम ५२अ आणि २०१६ च्या निकालाने स्पष्ट असूनही जागेवरच काढून मोकळे होतात. मुद्देमालाच्या नोंदवहीत एक तारीख, प्रयोगशाळेच्या पावतीवर दुसरी. पंच तेच ते ठरलेले. यातली प्रत्येक फट ज्याला महागडा वकील परवडतो त्याच्याच कामी येते. ५५ ग्रॅमवाल्या पोराचा वकील ती उलटतपासणीपर्यंत नेऊच शकत नाही.

आणि सगळ्यात खाली सेवनाच्या केसेस. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत महाराष्ट्रात एनडीपीएसचे १३ हजारांहून जास्त गुन्हे आहेत, त्यातले बहुतेक स्वतःच्या वापरासाठी बाळगल्याचे. गांजाच्या सिगारेटसह पोरगं पकडायचं, वैद्यकीय तपासणी करायची, ते गुन्हा कबूल करून दंड भरतं, आकडा वाढतो. पुढे चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टच्या वेळी, सरकारी नोकरीत ती नोंद त्याचा पिच्छा सोडत नाही. पोलिसांचे तास यात जातात म्हणून कारखान्याच्या पैशाचा माग काढायला माणूस उरत नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण उपचाराची वाट कायद्यातच आहे. कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात पूर्ण उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. कलम ३९ नुसार न्यायालय त्याला उपचारासाठी सोडू शकतं. किती ठाण्यांत आरोपीला हे सांगितलं जातं? २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी एकालाच कधी दाखल होऊन उपचार मिळाल्याचं दिसलं.

पोर्तुगालने २००१ मध्ये दहा दिवसांच्या वैयक्तिक वापराइतका साठा फौजदारी गुन्ह्यातून काढला. विक्री गुन्हाच राहिली. सापडलेला माणूस समुपदेशक आणि कायदेतज्ज्ञांच्या समितीसमोर जातो. आपल्याकडे एवढं मोठं पाऊल लगेच नको असेल तर निदान आहे ती हत्यारं योग्य माणसावर चालवा. कलम २७अ, म्हणजे धंद्याला पैसा पुरवणं, हे भांडवल लावणाऱ्यासाठी आहे. २०२० मध्ये मुंबईत ते एका सेवनाभोवतीच्या प्रकरणात वापरलं गेलं. तेव्हा कोणाच्या वैयक्तिक वापरासाठी पैसे देणं म्हणजे धंद्याला भांडवल पुरवणं नव्हे, हे उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. कलम ६८फ खाली तपास अधिकारी मालमत्ता गोठवू शकतो. सक्षम प्राधिकाऱ्याकडून ३० दिवसांत कायम करून घेतली नाही तर तो आदेश गळून पडतो.

म्हणून पुढच्या अधिवेशनात आमदारांनी 'किती कोटींचा माल पकडला' हे विचारू नये. बाजारभाव लावून तो आकडा हवा तेवढा फुगतो. त्यांनी विचारावं: कारखान्यांच्या प्रत्येक गुन्ह्यात ६८फचे किती आदेश निघाले आणि किती ३० दिवसांत कायम झाले? जागामालक आणि रसायन पुरवठादारांपैकी किती जणांवर आरोपपत्र गेलं? व्यापारी मात्रेच्या किती खटल्यांत कलम ४२ आणि ५० च्या चुकीमुळे आरोपी सुटले आणि ती चूक कोणत्या अधिकाऱ्याची होती? आणि सेवनाच्या केसमध्ये पकडलेल्यांपैकी किती जणांना ६४अ वाचून दाखवलं?