गळ घातली आणि गळाला लागलो

मासे खायचे असतात एवढंच मला माहीत होतं. ते आपण धरायचे पण असतात आणि धरून परत पाण्यात सोडायचे असतात हे मला आमच्या मेव्हण्यानं शिकवलं, आणि त्याची फी माझ्या उजव्या कानानं भरली.

मेव्हणा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. दोन-तीन वर्षांतनं एकदा दिवाळीला बेळगावला येतो, येताना चॉकलेटं आणतो, खडेबाजारातल्या आमच्या कापडदुकानात गादीवर लोळतो आणि जाताना चार किलो कुंदा घेऊन जातो, असं सगळं सुरळीत चाललेलं. यंदा चॉकलेटं कमी आणि एक लांबडी नळी जास्त. त्यातनं काठी निघाली. चार तुकडे एकात एक घातले की 9 फुटाची. दुसऱ्या बॅगेत हवा भरायची पिवळी कनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होडी. अख्खी बॅग होडीला, आणि सख्ख्या बहिणीला काय, तर एक हँडक्रीम. बायको अजून बोलतेय त्यावर.

"दाजी, एकदा चला की. एकदाच. नुस्तं बसून ऱ्हावा." असं सकाळी चहाला, दुपारी दुकानात, रात्री जेवताना. गिऱ्हाईकासमोर पण सुरू. चौथ्या दिवशी मी हो म्हटलं.

मग त्याचं पुराण सुरू झालं. त्यांच्या मिनेसोटात कॅनडाच्या हद्दीला लागून बाउंड्री वॉटर्स म्हणून जंगल आहे, त्यात हजाराच्या वर तळी. बहुतेक ठिकाणी मोटरबोट बंद, काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे बंद, एका गटात जास्तीत जास्त 9 माणसं आणि 4 होड्या, आत जायला परमिट. (आमच्याकडं नुसत्या साखरपुड्याला 9 माणसं टेम्पोच्या टपावर असतात.) रात्री अस्वलं येतात म्हणून खाण्याची पिशवी झाडाला उंच टांगायची. आणि एक तळं संपलं की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची, जंगलातनं चालत पुढच्या तळ्याला न्यायची. ह्याला पोर्टेज म्हणतात. हे सगळं लोक सुट्टी काढून, पैसे भरून करतात.

मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली. अमेरिका आणि ब्रिटननं 1842 सालीच तह करून ठेवलाय की हद्दीवरचे हे पाण्याचे मार्ग आणि पोर्टेजच्या वाटा दोन्हीकडच्या लोकांना खुल्या राहतील. आम्ही 1956 पासून हद्दीवर बसलोय, आमच्यात अजून पाटी कुठल्या भाषेत लावायची ते मिटेना. त्या वाटा म्हणे रॉडमध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. मी लगेच हिशोब केला, दोन रॉड म्हणजे 33 फूट, आणि 33 गुणिले 33 म्हणजे आपला एक गुंठा! मेव्हण्याला दहा वर्षात हे सुचलं नव्हतं. गुंठ्यापायी भावाभावांत कोर्टात जाणाऱ्या गावातला माणूस मी, मला सुचणारच.

आता ह्या माशेमारीचं वैशिष्ट्य. ह्यात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि तिच्यावर मासा धरायचा. "माशी म्हणजे माशाची बायको काय रे?" मी विचारलं. तो हसला नाही. ह्या विषयात तो हसत नाही. मासा घरी आणला तर निदान खाता येईल, पण तसंही नाही, धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा.

माशा तो आमच्या डायनिंग टेबलावर बांधायचा. छोट्या शिकंजात गळ अडकवलेला, शेजारच्यांच्या गावठी कोंबड्याची पिसं (त्यांच्या पोराला चॉकलेटं देऊन गोळा केलेली, बहिणीची चॉकलेटं कुठं गेली ते इथं कळलं) आणि माझ्या दुकानातला काळा दोरा. डोळ्याला भिंग लावून, ओठ चावत, रात्री बारा वाजता. आईनं दारातनं बघितलं, कोंबड्याची पिसं, काळा दोरा, मंद दिवा. मला आत बोलवून कानात म्हणाली, "पोरगं परदेशात कुणाच्या नादाला लागलंय बघ. ही करणीच हाय." मी तिला समजवायला ह्या माशीचं नाव वूली बगर असं असतंय म्हणून सांगितलं. नाव ऐकून तर तिची खात्रीच पटली.

माशीला वजनच नसतं, ही खरी गोम. साध्या गळाला शिसं असतं, फेकलं की ते दोरी ओढत नेतं. इथं उलटं, जाड जड दोरी फेकायची आणि माशी तिच्या मागनं फुकट जाणार, वऱ्हाडाच्या गाडीत ड्रायव्हरचा मेव्हणा जातो तशी. त्यासाठी काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मधेच हलवायची. मागं नेली की थांबायचं, दोरी पाठीमागं पूर्ण सरळ होईपर्यंत, आणि मगच पुढं. हे थांबणं म्हणजे सगळी कला असं तो म्हणाला. तीस वर्षं मी दुकानात बायकांनी साडी पसंत करायची वाट बघत थांबलोय, मला वाटलं हे आपल्याला जमणारच.

गच्चीवर प्रॅक्टिस केली. पहिल्या दिवशी डिश अँटेना, दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंची वाळत घातलेली इरकल. काकू वर आल्या.

"एन्री, एन माडाकत्तीरी?"

"मीन हिडियाकत्तेनी," मी म्हटलं. मासे धरतोय.

काकूंनी काठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "माळिगी म्याल?"

गच्चीवर मासे धरणाऱ्या माणसाशी वाद घालू नये एवढं शहाणपण त्यांना होतं, त्या साडी घेऊन खाली गेल्या.

जागेवरनं पण दोन दिवस गेले. राकसकोप नको, ते शहराचं प्यायचं पाणी. कणकुंबीकडं मलप्रभा उगमापाशी, तिथं होडी काय चप्पल पण तरंगायची नाही. शेवटी घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचा फुगवटा ठरला, तिकडच्या एका ओळखीच्या मासेवाल्याला विचारून, लाइफ जॅकेट वगैरे घालून.

रस्ता संपतो तिथं गाडी लावली तर पाणी अजून दोन शेतं लांब. मी म्हटलं होडी पाण्याजवळ नेऊन फुगवू. मेव्हण्याचे डोळे चमकले. "नाही दाजी, इथं पोर्टेज करूया." मग गाडीजवळच फुगवली, तो पुढं, मी मागं, खांद्यावर पिवळी लांबडी होडी, वरनं केशरी टॉवेल टाकलेला, दोघं घामाघूम, एक शब्द न बोलता उसाच्या बांधावरनं निघालो. ऊसतोडीची टोळी काम थांबवून बघत राहिली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले. एक बाई हळूच म्हणाली, "बरोबर चारच माणसं पण न्हाईत गं बिचाऱ्याला."

पाण्यात उतरल्यावर पुढं कोण, मागं कोण ह्यावर वाद झाला. कनूत मागं बसणारा दिशा ठरवतो आणि पुढच्यानं नुसतं वल्हं मारायचं. म्हणजे कारभार मागच्याचा आणि घाम पुढच्याचा. मला अर्थातच पुढं बसवलं. थोडं आत गेल्यावर गंमत अशी झाली की मेव्हणा उभा राहून फेकणार आणि मी त्याच्या पुढ्यात, म्हणजे दोरीच्या येण्याजाण्याच्या बरोबर वाटेत. दहा ते दोन, दोन ते दहा, माझ्या डोक्यावरनं सूं सूं. लहानपणी मास्तर छडी हवेत फिरवून बघायचे तसा आवाज.

पाणी मात्र सुरेख होतं. पलीकडं बगळे, लांब डोंगर, आणि ह्याच पाण्याखाली कुठंतरी हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं ते. मी मनातल्या मनात हात जोडले. जोडायला वल्हं सोडलं, आणि होडी गर्रकन फिरली.

तासाभरात मेव्हण्याला एक मासा लागला. वीतभर चिलापी. त्यानं हात ओले केले, लेकराला उचलावं तसं तिला उचललं, फोटो, आणि मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत सोडून दिली. घरी बायको वाटण करून बसलेली! काठावर ट्रकच्या ट्यूबवर बसलेल्या एका पोरानं तेवढ्यात गांडूळ लावून सात धरलेल्या, त्यात एक हातभर मरळ. त्यानं आमची चिलापी परत जाताना बघितली आणि तोंडावर हात ठेवला.

मग मी म्हटलं आण इकडं काठी. मागं नेली. थांबायचं होतं. थांबलो नाही. तीस वर्षांची प्रॅक्टिस नेमकी त्या क्षणी संपली. कानाशी काहीतरी चावलं, मला वाटलं गांधीलमाशी, हात मारला तर हाताला पिसं लागली. तोवर होडी काठाला टेकली होती, मी घाबरून उडी मारली. ट्यूबवरचं पोरगं माझ्याकडं बोट दाखवून ओरडायला लागलं, "गाळ! किव्याग गाळ!"

आता कन्नडमधे किव्याग म्हणजे कानात आणि गाळ म्हणजे गळ, हे मला जन्मापासनं माहीत. पण घाबरला की माणूस मातृभाषेतच ऐकतो. मी खाली बघितलं तर खरंच गुडघ्यापर्यंत गाळ होता.

मेव्हणा म्हणाला, हे सोपं आहे, गळाला दोरी गुंडाळायची, दांडी खाली दाबायची आणि एकच हिसका, मी व्हिडिओत बघितलंय. मी त्याला कानाच्या आसपास येऊ दिलं नाही. बेळगावपर्यंत तासभर कानात पिसांची माशी लटकवून बसलो. पेट्रोल पंपावरच्या पोरानं निरखून बघितलं. "भिकबाळी लई भारी हाय, काका. कुठनं घेतलासा?"

डॉक्टरांनी दोन मिनिटात काढली. माशाला इजा होऊ नये म्हणून मेव्हण्यानं गळाचं उलटं, अडकणारं टोचं पक्कडीनं दाबून ठेवलेलं, त्यामुळं सरळ निघाली. माशांसाठी केलेल्या सोयीचा फायदा मला झाला, वर धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टरांनी ती माशी डबीत घालून हातात दिली, मुतखडा देतात तशी.

घरी मरळ होती, त्या पोराकडनं विकत घेतलेली, फ्राय झाली, सगळ्यांनी खाल्ली, मेव्हण्यानं सगळ्यात जास्त. पण त्याआधी आईनं डबी उघडून बघितली. कोंबड्याचं पीस, काळा दोरा, आणि त्यावर लेकाचं रक्त. ती काही बोलली नाही. मला उंबऱ्यात बसवलं, मीठ-मोहरी आणि सात लाल मिरच्या घेतल्या, तीनदा ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. "मावशी, माशी नको, माझी सगळ्यात चांगली बांधलेली होती," म्हणून मेव्हणा धावला, तोवर ती पण निखाऱ्यावर गेली होती. पिसं जळाली की जो वास येतो तो घरभर सुटला.

"बघ," आई पदर नाकाला लावत म्हणाली, "केवढी जबरी दृष्ट होती."