खेरांना मुख्यमंत्र्यांच्या परंपरेत का बसवले: राजापूरच्या वाचकांना उत्तर

महोदय,

कोकणाने राज्याला दिलेल्या मुख्यमंत्र्यांविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी ही परंपरा बॅ. अंतुले यांच्यापासून न मोजता १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान (प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा असेच म्हणत) झालेल्या बाळासाहेब खेरांपासून मोजली, यावर आपला आक्षेप आहे. ‘प्रांताचा पंतप्रधान हा गव्हर्नराचा पगारी नोकर होता, त्याला मुख्यमंत्र्यांच्या रांगेत बसवणे म्हणजे इतिहासाशी खेळ आहे,’ असे आपण लिहिता. त्याच्या जोडीला खेर रत्नागिरीत केवळ जन्मले, खोतीच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या वतनी जमीनदारीच्या) प्रश्नावर त्यांनी कुळांना वाऱ्यावर सोडले, आणि खेरांच्या आधी कूपर यांचे मंत्रिमंडळ होते हे मी दडवले, असेही आपले म्हणणे आहे. शेवटी, हा लेखक खोताच्या ओसरीवर बसून इतिहास लिहितो, असा शेरा आपण मारला आहे.

प्रथम या शेऱ्याविषयी. आपली-माझी ओळख नाही, माझे घर आपण पाहिलेले नाही. माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यात खोताचे कूळ होते. भाताचा मक्ता (खोताला द्यायचा खंड) घालून उरेल त्यावर त्यांनी घर चालवले, आणि पावसाळा संपण्याआधी घरातले धान्य संपणे म्हणजे काय हे माझ्या वडिलांनी लहानपणी अनुभवले. खोताच्या ओसरीवर बसण्याचा मान आमच्या घरात कोणालाही मिळाला नाही. तेव्हा मतभेद अवश्य मांडावा, परंतु ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याची जात-कुळी ठरवून मग मतभेद मांडण्याची ही पद्धत मला अत्यंत अशोभनीय वाटते. आपण वयाने माझ्याहून लहान असाल तर हे शिकण्यास अजून वेळ आहे. मोठे असाल तर मला याहून अधिक काही म्हणता येत नाही.

कूपर यांच्याविषयीचे आपले म्हणणे मान्य आहे. एप्रिल ते जुलै १९३७ या काळात धनजीशा कूपर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर होते आणि त्याचा उल्लेख लेखात एका ओळीने करता आला असता. रत्नागिरीकरांना तर तो काळ विसरता येण्यासारखा नाही, कारण बॅ. सावरकरांची रत्नागिरीतील स्थानबद्धता त्याच मंत्रिमंडळाच्या वेळी, मे १९३७ मध्ये संपली. मात्र त्या मंत्रिमंडळामागे विधानसभेतील बहुमत नव्हते. १७५ जागांपैकी ८६ जागा जिंकलेल्या काँग्रेसने अधिकार स्वीकारण्यास विलंब लावला म्हणून ते आले, आणि तिने तो स्वीकारताच ते गेले. यात मी काही दडवले, असे म्हणणे हा आरोप आहे, टीका नव्हे.

आता ‘पगारी नोकर’ या शब्दांकडे येतो, कारण तेच मला सर्वांत अधिक लागले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने (प्रांतांचा कारभार ज्याखाली चाले त्याने) गव्हर्नराच्या हाती मोठे अधिकार ठेवले होते, हे मी कधी नाकारले? शांतता, अल्पसंख्याक, सरकारी नोकरवर्ग यांच्याबाबत त्याच्या खास जबाबदाऱ्या होत्या. मंत्रिमंडळाच्या बैठकीत अध्यक्षस्थानी बसण्याची मुभा होती. मंत्री त्याची मर्जी असेतोवर पदावर राहत. पण मग आपल्या राज्यघटनेचा १६४ वा अनुच्छेद आपण काढून पाहावा. मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात आणि मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, असेच तेथेही लिहिलेले आहे. केवळ कलमांवरून नोकर ठरवायचे असतील, तर १ मे १९६० नंतरचे आपले सगळेच मुख्यमंत्री त्या यादीत घालावे लागतील. फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवार यांचे सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली आणि तिच्यानंतरच जूनमध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. सरकार वरून घालवता येते एवढ्यावरून ते पद खोटे ठरत असेल, तर आपले लाडके उदाहरणही त्यातून सुटत नाही.

मी राज्य शासनाच्या सेवेत माझी उमेदीची वर्षे घालवली आणि त्यांतील बरीच मंत्रालयात. मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या टिप्पण्या तयार करण्याचे काम मी केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की मुख्यमंत्रिपदाचे बळ घटनेच्या त्रोटक अनुच्छेदांत शोधून सापडत नाही. खातेवाटप कोण करतो, दोन मंत्र्यांच्या वादात नस्ती (फाईल) शेवटी कोणाच्या टेबलावर थांबते, सभागृहात उभे राहून सर्वांच्या वतीने उत्तर कोण देतो, आणि त्याने राजीनामा दिला की सबंध मंत्रिमंडळ जाते की नाही, यांत ते असते. या प्रत्येक कसोटीवर खेरांचे १९३७ चे मंत्रिमंडळ उतरते. महसूल मोरारजी देसाई, गृह कन्हैयालाल मुनशी, अर्थ अण्णासाहेब लठ्ठे, आरोग्य डॉ. गिल्डर, अशी खाती सांभाळणाऱ्या माणसांचा तो संघ होता आणि त्याचे नेतृत्व खेरांकडे होते. स्थिर बहुमत ज्याच्या पाठीशी असण्याचा संभव अधिक, त्याच्या सल्ल्याने मंत्री निवडावेत, अशी सूचना ब्रिटिश सरकारनेच गव्हर्नरांना दिलेली होती.

आणि राजीनामा? पगारी नोकराने नोकरी सोडली तर मालक दुसरा नोकर ठेवतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये राजबंद्यांच्या सुटकेवरून संयुक्त प्रांत आणि बिहार येथील मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा तेथील गव्हर्नरांना तडजोड करून त्यांनाच परत घ्यावे लागले. नोव्हेंबर १९३९ मध्ये, भारतीयांना न विचारता देशाला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ खेरांचे मंत्रिमंडळ बाहेर पडले. त्या वेळी मुंबईच्या गव्हर्नराला बहुमताचे दुसरे मंत्रिमंडळ उभे करता आले नाही आणि त्याच १९३५ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमाखाली १९४६ पर्यंत स्वतःच कारभार हाकावा लागला. त्यानंतर खेरच परत आले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तेच अधिकारावर होते, २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली तेव्हाही तेच होते, आणि एप्रिल १९५२ मध्ये त्यांनी कारभार मोरारजींकडे सोपवला. २५ जानेवारीपर्यंत नोकर आणि २६ पासून मुख्यमंत्री, अशी रेघ आपण नेमकी कोठे ओढणार? आपल्या प्रतिक्रियेत याचे उत्तर मला सापडले नाही.

मताधिकार तेव्हा मर्यादित होता हे खरे, पण तो दोष निवडणुकीचा होता, निवडून आलेल्यांचा नव्हे.

खोतीविषयी आपण बरेच लिहिले आहे. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला, हे माझ्या घरात मला लहानपणापासून ठाऊक आहे. खोती नष्ट करणारा कायदा खेरांच्याच कारकिर्दीत, १९४९ साली झाला. माझा लेख पदाविषयी होता, जमीनधारणेविषयी नव्हता, म्हणून येथे त्यात शिरत नाही. ‘जन्म रत्नागिरीचा, आयुष्य मुंबईचे’ हा आक्षेप तर अर्ध्या कोकणावर घेता येईल, कारण आपल्या प्रत्येक वाडीतील माणसे पोटासाठी मुंबईला गेलेली आहेत. त्यांना गणपतीला दारात उभे करू नये, असे आपले म्हणणे आहे काय? अंतुले यांनी १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा दिला, खेरांनी काय दिले, हा प्रश्नही मला गैरलागू वाटतो. गुजरातपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या प्रांताच्या प्रमुखाने आपल्या जन्मगावाला काय दिले यावरून त्याला मोजू नये, असे मी मानतो.

एक गोष्ट आपल्याच यादीविषयी. आपण कोकणचे ‘खरे मुख्यमंत्री’ म्हणून अंतुले, मनोहर जोशी आणि नारायण राणे अशी तीनच नावे दिली आहेत. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले, त्यानंतर २५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर १९६३ या काळात राज्याचा कारभार बाळासाहेब सावंतांनी सांभाळला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, तेच हे सावंत. दुसऱ्याला अभ्यास शिकवण्यापूर्वी हे नाव आपल्या ध्यानात यायला हवे होते. सुधारलेली यादी पाठवलीत तर ती मी लेखाखाली ठेवीन. त्याआधी माझ्या घराविषयीचा तो शेरा आपण मागे घ्यावा, अशी अपेक्षा आहे.