दिवाळीच्या कामट्यांचा नाताळ

डिसेंबर लागला की दोन सूर हमखास. एक ‘हा आपला सण नाही’वाला, दुसरा मॉलवाला. पहिल्यांना एवढंच सांगणं: पुण्यातलं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं, जागा पेशव्यांनी दिलेली. पाहुणा म्हणायलासुद्धा सव्वादोनशे वर्षं जास्तच होतात. मॉलवाल्यांशी वाद घालू नये, घरी चांदणी करायला बसावं. प्रार्थना नको, गोठ्याचा देखावा नको, तरी सण होतो.

दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या फेकल्या नसतील तर त्याच घ्या, नाहीतर बांबूकाम करणाऱ्यांची बुरुड आळी आहेच. ५० सेंटीमीटरच्या १० कामट्या, जाडी ४-५ मिलिमीटर. याहून जाड वाकत नाहीत. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून १९ सेंटीमीटरवर खूण करा, मधे १२ उरतात. पाच कामट्यांची एक चांदणी, आणि फुल्या बरोबर खुणांवरच पडायला हव्यात. बहुतेकांची चांदणी इथेच लंगडी होते, कारण खूण न करता नजरेनं बांधतात. अशा दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं आवळा, मग आतल्या पाच फुल्यांमध्ये १० सेंटीमीटरचे पाच टेकू बसवा. टेकू आधी बसवायला गेलात तर टोकं जुळत नाहीत.

पतंगी कागदाला खळ पातळ नको, कागद लोळा होऊन फाटतो. गॅलरी उघडी असेल तर खळ नकोच, पहाटेच्या दवानं सुटते, फेव्हिकॉल वापरा. खालची एक बाजू बल्बसाठी मोकळी सोडा. अर्ध्या वॉटचा एलईडी पुरतो. जुना ४० वॉटचा पिवळा बल्ब अजिबात नको, कागद करपतो.

केकला रम लागतेच असं नाही. काळे मनुके, बेदाणे, खजूर मिळून ३०० ग्रॅम, १५० मिली संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळा आणि दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलं तर आंबेल, हा रस आहे, रम नव्हे. पुढचं माप: मैदा १५०, लोणी १००, साखर १०० ग्रॅम, दोन अंडी, चमचाभर बेकिंग पावडर. रंगासाठी ६० ग्रॅम साखर तांबूस जाळून त्यात ५० मिली उकळतं पाणी, लांबूनच. गार पाणी घातलंत तर हातावर उडेल. काळी होऊ दिलीत तर केक कडू. सुकामेवा निथळून मैद्यात घोळवा, नाहीतर सगळा तळाशी. १६० अंशांवर ५० ते ६० मिनिटं.

झाड? नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते बहुधा अरॉकेरिया. आठवडाभर घरात ठेवा, मग गॅलरीत. शेंडा छाटू नका, पुन्हा सरळ वाढत नाही. प्लॅस्टिकचं घ्यायचं असेल तर ही पोस्ट इथेच सोडा.

आणि एक. मध्यरात्रीच्या मिस्साला फोटो काढायला जाऊ नये, तिथे लोक प्रार्थनेला आलेले असतात. शेजारच्या गोवेकरांकडून फराळाचं ताट आलं तर त्यात नेवऱ्या असतील, म्हणजे आपल्या करंज्याच. ताट रिकामं परत पाठवू नका. केकही नको, तो त्यांच्याकडे ढीगभर असतो. बाकरवडी चालेल.